परवडणारे भाडे कोणाच्या हिशेबाने? जयनगर, वरळी आणि 2020 ची भाडेघर योजना

बेंगळुरूच्या जयनगर भागात संध्याकाळी फेरफटका मारलात तर दर दोन-चार फाटकांआड ‘टू-लेट’ची पाटी दिसते. पाटीवरच्या क्रमांकावर फोन केला की भाड्याआधी अनामत रकमेचे बोलणे सुरू होते. या शहरात दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागण्याची रूढी आहे. अलीकडे काही मालक पाच-सहा महिन्यांवर तयार होतात. करार अकरा महिन्यांचा असतो. मुंबईत ज्याला पागडी म्हणत तिचे स्वरूप वेगळे, पण नव्या माणसाचा अनुभव तोच: घरात पाऊल टाकण्याआधी गाठीशी मोठी रोकड हवी. कन्नडमध्ये भाड्याला ‘बाडिगे’ म्हणतात. शब्द आपल्या भाड्याच्या इतका जवळचा आहे की मराठी माणसाला तो शिकावा लागत नाही. बाकीचे मात्र शिकावे लागते.

भाड्याच्या घरांसाठी सरकारने आखलेल्या एका योजनेचे हे टीकात्मक वाचन आहे. योजना केंद्राची, म्हणजे तुमच्या शहराचीही. ‘परवडणारी भाडेतत्त्वावरील गृहसंकुले’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 8 जुलै 2020 रोजी मंजुरी दिली. कोरोनाकाळात शहरांतून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांची दृश्ये तेव्हा ताजी होती. लाभार्थींमध्ये कारखाना-कामगार, बांधकाम मजूर, हॉटेल व आरोग्यसेवेतले कर्मचारी यांच्याबरोबर खेड्यांतून आणि छोट्या गावांतून आलेले विद्यार्थीही धरले आहेत. तेव्हा हे वाचन तुमच्या खोलीभाड्याचेही आहे.

‘परवडणारे’ आणि ‘खर्चाधारित’

हे दोन शब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी वापरले जातात. परीक्षेतही पुष्कळ विद्यार्थी तीच चूक करतात. परवडणारे भाडे हे एका तुलनेतून ठरते: बाजारात इतके आहे, आम्ही त्याहून कमी घेऊ, किंवा तुमच्या उत्पन्नाच्या इतक्या हिश्शाइतके घेऊ. खर्चाधारित भाडे वेगळ्या टोकाकडून सुरू होते. घर बांधायला प्रत्यक्ष किती लागले, त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता किती, दुरुस्ती आणि देखभाल किती, यांची बेरीज म्हणजे भाडे. त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. शेजारच्या इमारतीत भाडे दुप्पट झाले म्हणून इथले वाढत नाही, कारण इथल्या विटा-सिमेंटची किंमत मागेच चुकती होत आलेली असते.

आयर्लंडने 2021 च्या परवडणारी घरे कायद्यात या प्रकाराला स्वतंत्र कायदेशीर रूप दिले. भाडे उभारणी, कर्ज, व्यवस्थापन व देखभालीचा खर्च भागवेल इतके, आणि बाजारभावापेक्षा किमान 25 टक्के कमी असावे असे तिथले उद्दिष्ट आहे. ही घरे किमान 40 वर्षे त्याच वापरात ठेवावी लागतात. व्हिएन्नाची कथा जुनी. पहिल्या महायुद्धानंतर त्या नगरपालिकेने 1923 पासून गृहबांधणीसाठी वेगळा कर बसवला आणि त्यातून घरे बांधली. आज त्या शहरातले सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या गृहसंस्थांच्या घरांत राहतात. या गृहसंस्थांच्या इमारतीवरचे कर्ज फिटले की तिथले भाडे उतरते. आपल्याकडे भाडे उतरलेले कुणी पाहिले आहे?

खर्चाधारित भाडे पहिल्या दिवशी स्वस्त असतेच असे नाही. नवी इमारत, नवे कर्ज, चढे व्याज असेल तर ते बाजाराच्या आसपासही जाते. त्याचा फायदा काळाबरोबर साठत जातो. म्हणून अशा घरांना दीर्घकाळ टिकून राहणारा, न विकणारा मालक लागतो. भारतातल्या योजना वाचताना हीच गोष्ट शोधा: मालक कोण, आणि तो किती वर्षे राहणार?

योजनेत भाडे कसे ठरते

योजनेचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात, जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान आणि राजीव आवास योजना यांतून बांधलेली, पण रिकामी पडलेली सरकारी घरे 25 वर्षांच्या करारावर चालकाकडे द्यायची. दुसऱ्यात, खासगी किंवा सार्वजनिक संस्थेने स्वतःच्या जमिनीवर भाडेसंकुल बांधायचे. त्याबदल्यात आयकर व जीएसटीत सूट, सवलतीचे कर्ज आणि 50 टक्के जादा चटईक्षेत्र विनामूल्य. किमान 40 घरे किंवा 160 खाटा, एका शयनकक्षाचे घर 30 चौरस मीटरपर्यंत. इथपर्यंत ठीक.

आता भाड्याचे कलम पाहा. पहिल्या मार्गात सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीवरून स्थानिक यंत्रणेने ठरवायचे. दुसऱ्या मार्गात तशाच पाहणीवरून ते संस्थेनेच ठरवायचे. पुढे दर दोन वर्षांनी 8 टक्के वाढ, पाच वर्षांत एकूण 20 टक्क्यांहून जास्त नाही. ‘स्थानिक पाहणी’ म्हणजे आसपास काय भाडे चालू आहे ते पाहणे. म्हणजे बाजारच. इमारतीला किती खर्च आला हा प्रश्न भाड्याच्या कलमात येतच नाही. पहिल्या मार्गातली घरे तर करदात्यांच्या पैशाने आधीच बांधून झालेली आहेत. दुरुस्ती सोडली तर त्यांचा बांधकाम खर्च नव्या भाडेकरूकडून वसूल करण्याचे कारण नाही. तरीही चालक निवडताना स्थानिक संस्थेला कोण जास्त अधिमूल्य देतो हे पाहिले जाते. ते अधिमूल्य शेवटी कोणाच्या भाड्यातून निघणार हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

8 टक्क्यांचे कलम वरवर भाडेकरूच्या बाजूचे वाटते. हिशेब करा. ठरावीक व्याजाच्या कर्जाचा हप्ता 25 वर्षे तेवढाच राहतो. भाडे मात्र, पाच वर्षांना 20 टक्क्यांची मर्यादा पाळूनही, 25 वर्षांच्या अखेरीस दुपटीहून जास्त होऊ शकते. देखभालीचा खर्च महागाईबरोबर वाढतो, हे मान्य. पण तो भाड्याचा लहान भाग. मोठा भाग असलेला हप्ता वाढत नाही. मधली फट कुठे जाते? योजनेत त्याचे उत्तर नाही. मजुरीही वाढतेच, तेव्हा भाडेकरूला ते झेपेल, असा युक्तिवाद कुणी करेल. झेपेलही. पण मग त्याला परवडणारे म्हणा, खर्चाधारित म्हणू नका.

आणि 26 वे वर्ष? खासगी जमिनीवरच्या संकुलाने किमान 25 वर्षे भाडेसंकुल राहायचे आहे. त्यानंतर बंधन संपते. नेमके कर्ज फिटते, खरा खर्च कोसळतो आणि खर्चाधारित भाडे सगळ्यात स्वस्त होऊ शकते, तेव्हाच ते घर योजनेतून सुटते. सरकारने दिलेली करसवलत आणि जादा चटईक्षेत्र अर्थातच मागे फिरत नाही. माझ्या मते योजनेतली सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि ती एका ओळीत दुरुस्त होण्यासारखी होती.

अंमलबजावणीबद्दल थोडक्यात. सुमारे 83 हजार रिकामी सरकारी घरे या योजनेसाठी मोजली गेली. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार पहिल्या काही वर्षांत त्यांपैकी साडेपाच हजारांच्या आसपास भाड्याने देण्यासाठी रूपांतरित झाली. त्यांत चंदीगडच्या मलोया भागातली 2,195 मोठा वाटा उचलतात. उरलेली रिकामी का, याचे कारण बहुतेकदा जागा असते: गावाबाहेर, बस नाही, काम दूर. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांच्या वर घरे रिकामी होती. घरे कमी आहेत आणि घरे रिकामी आहेत, ही दोन्ही विधाने एकाच शहराबद्दल खरी असू शकतात.

जयनगरच्या कायद्यात लपलेले सूत्र

तुम्हाला वाटेल, खर्चावरून भाडे ठरवणे ही परदेशी कल्पना. तसे नाही. जयनगरला लागू असलेल्या कर्नाटक भाडे अधिनियम, 1999 मध्ये प्रमाण भाड्याचे सूत्र आहे: बांधकामाचा खर्च अधिक बांधकाम सुरू झाले त्या दिवशीची जमिनीची बाजारकिंमत, या बेरजेच्या वार्षिक 10 टक्के. शब्द नीट वाचा. ‘बांधकाम सुरू झाले त्या दिवशीची’. आजची नव्हे. 1970 साली बांधलेल्या घराचा पाया 1970 चाच खर्च. ज्याला आपण वर काळाबरोबर साठणारा फायदा म्हटले, तो या वाक्यात आहे.

मग जयनगरमध्ये भाडी अशी का? कारण त्याच कायद्यात एक उंबरठा आहे. बेंगळुरूसारख्या शहरांत महिना 3,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या जागांना तो लागूच होत नाही. आता सूत्र आणि उंबरठा शेजारी ठेवा. महिना 3,500 म्हणजे वर्षाला 42,000. हे 10 टक्के असतील तर एकूण खर्च 4,20,000 रुपये. अर्थात, जमीन धरून चार लाख वीस हजारांहून जास्त किमतीत उभे राहिलेले कोणतेही घर या सूत्राच्या बाहेर. जुन्या घराचे चालू भाडेच उंबरठ्यापलीकडे असेल तर तेही बाहेर. आज जयनगरमध्ये 3,500 रुपयांत स्वतंत्र घर मिळाले तर मला कळवा. सूत्र कायद्याच्या पुस्तकात आहे. त्याच्या कक्षेतली घरे रस्त्यावर जवळजवळ उरलेली नाहीत.

सूत्रही निर्दोष नाही. त्यात जमिनीची बाजारकिंमत धरली आहे, आणि 10 टक्के परताव्यात मालकाचा नफा मिसळलेला आहे. पण विचाराची दिशा योग्य होती. उंबरठा महागाईबरोबर हलवला असता तर निदान वाद घालायला काही उरले असते.

जयनगरचा इतिहास या प्रश्नाला आणखी एक पदर देतो. 1945 साली स्थापन झालेल्या शहर सुधारणा विश्वस्त मंडळाने ही वसाहत आखली. 1948 मध्ये पायाभरणी झाली. तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले होते आणि त्याची खूण म्हणून अशोकस्तंभ आजही उभा आहे. मंडळाने शेतजमीन संपादन केली, रस्ते-गटारे केली आणि भूखंड, बेंगळुरूच्या भाषेत ‘साइट’, ठरवलेल्या दराने अर्जदारांना वाटले. पद्धत लीज-कम-सेलची: काही वर्षे भाडेपट्टा, मग खरेदीखत. म्हणजे सार्वजनिक जमीन कमी दराने दिली गेली, पण एकदाच. पहिल्या धारकाला सवलत मिळाली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भाडेकरूने बाजारभाव मोजला. या धारकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांत शिक्षक होते, कारकून होते, निवृत्तीचा पैसा त्यांनी विटांत घातला. दोष धोरणाचा. सगळे भूखंड विकण्याऐवजी प्रत्येक ब्लॉकमध्ये काही जमीन मंडळाने स्वतःकडे ठेवून तिथे भाड्याची घरे बांधली असती, तर आज जयनगरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईला, रुग्णालयातल्या परिचारिकेला दोन बस बदलून यावे लागले नसते.

वरळी आणि कोन: मालक निघून गेला की

महाराष्ट्रात सरकार स्वतः मालक झाल्याची उदाहरणे आहेत. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ आले. त्यानंतर 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर लावून पैसा उभा करायचा आणि गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची.

आणि पहिल्या दशकात वरळीच्या कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. युद्धानंतरच्या महागाईत बांधकाम महाग पडले होते, वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे, आणि भाडे काही प्रमाणात पदरमोड करून कमी ठेवूनही कामगाराला जड जाई. खर्चाधारित भाड्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे विसरू नये. खर्चच जास्त असेल तर खर्चाधारित भाडे गरिबाच्या उपयोगाचे नाही. आयर्लंडमध्येही ही घरे सामाजिक गृहनिर्माणाच्या उत्पन्न-मर्यादेवरच्या, मधल्या लोकांसाठी आहेत. सर्वांत गरीब कुटुंबासाठी वेगळे अनुदान लागतेच.

पुढे या चाळी भरल्या, आणि 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने शहरातली खासगी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. हे तिसरे टोक. गोठवलेले भाडे दुरुस्तीचा खर्चही भागवत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवावा लागला. 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. बाजारभाडे खर्चाच्या वर धावते, गोठवलेले भाडे खर्चाच्या खाली बुडते. दोन्हींत घराचा खरा खर्च कुणी मोजत नाही.

बीडीडी चाळींचा आता पुनर्विकास चालू आहे. पात्र रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर मालकीने मिळते. शंभर वर्षे तिथे राहिलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा न्याय आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. परंतु शहराकडे असलेला भाड्याच्या घरांचा साठा त्याबरोबर संपतो, हेही नोंदवा.

दुसरे उदाहरण तुमच्या हयातीतले आहे. 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाडेघर योजना आणली. विकासकाला चार चटईक्षेत्र निर्देशांक, त्याबदल्यात 160 चौरस फुटांच्या खोल्या प्राधिकरणाला फुकट. पाच वर्षांत पाच लाख घरांचे लक्ष्य सांगितले गेले. खर्चाच्या दृष्टीने पाहा: प्राधिकरणाला बांधकाम खर्च शून्य, कर्ज शून्य. भाडे केवळ देखभालीइतके ठेवता आले असते. काय झाले? काही वर्षांतच धोरण मालकीच्या घरांकडे वळले. पनवेलजवळ कोन येथील 2,417 घरांची 2016 मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत निघाली. दोन खोल्या जोडून 320 चौरस फुटांचे एक घर, किंमत सहा लाख. ताबा मिळण्याआधी कोरोनात त्याच इमारतींत विलगीकरण केंद्र झाले आणि नासधूस झाली, म्हणून सोडत लागलेले आणखी काही वर्षे थांबले. गिरणी कामगारांना घर मिळावे यात वाद नाही. त्यांची देणी जुनी आहेत. पण भाड्यासाठी म्हणून जादा चटईक्षेत्र दिलेली घरे विकली गेली. कारण प्राधिकरणाला बांधून घ्यायचे होते, घरमालक व्हायचे नव्हते. दरमहा भाडे गोळा करणे, नळ दुरुस्त करणे, थकबाकीदाराशी बोलणे हे काम कोणत्याही कार्यालयाला नको असते.

पैसा कुठे घालावा

एक काल्पनिक पण सोपा हिशेब वहीत करा. सार्वजनिक जमिनीवर, जमिनीची किंमत न धरता, 30 चौरस मीटरचे घर 10 लाखांत बांधले असे समजा. 8 टक्क्यांनी 25 वर्षांचे कर्ज घेतले तर मासिक हप्ता सुमारे 7,718 रुपये. मुदत 40 वर्षे आणि व्याज 6 टक्के केले तर 5,502. व्याज 4 टक्के केले तर 4,179. तेच घर, त्याच विटा.

सप्टेंबर 2024 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये भाड्याची घरे हा स्वतंत्र घटक केला, हे चांगले झाले. त्यात नवे बांधकाम तंत्र वापरणाऱ्यास केंद्राकडून चौरस मीटरला 3,000 आणि राज्याकडून 2,000 रुपये अनुदान आहे. आपल्या घरासाठी ते दीड लाख होते. कर्ज साडेआठ लाखांवर येते, आणि 8 टक्के दराने हप्ता सुमारे 6,560. म्हणजे अनुदानाने साधारण साडेअकराशे रुपये वाचले; कर्जाची मुदत आणि व्याज बदलल्याने साडेतीन हजार वाचत होते. व्याजाचा भार उचलायला सरकारला पैसा लागतो, तो दीड लाखांहून जास्तही होईल, ही या हिशेबातली दुसरी बाजू. पण त्या पैशातून शेवटी शहराच्या मालकीचे, कर्जमुक्त घर उरते. अनुदानातून तंत्रज्ञान उरते, आणि 25 वर्षांनी मोकळी झालेली खासगी इमारत.

स्वाध्याय म्हणून एवढे करा. तुमच्या शहरात जुन्या अभियानातली घरे भाड्याने दिली असतील, तर चालकाशी झालेला करार माहितीच्या अधिकारात नगरपालिकेकडे मागा. त्यात तीन कलमे शोधा: सुरुवातीचे भाडे कशावरून ठरले, अधिमूल्य कोण कोणाला देतो, आणि मुदत संपल्यावर त्या दिवशी तिथे राहत असलेल्या माणसाचे काय होते. तिसऱ्या कलमात काही लिहिलेले नसेल तर तेही उत्तरात लिहा.